एफ चौदा आणि एफ पंधरा

माघातलं धुकं आठ वाजून गेले तरी उठायचं नाव घेत नव्हतं. कामवारी नदीवरून ते वर चढायचं, सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांचा धूर त्यात मिसळायचा, आणि सगळ्या भिवंडीच्या पत्र्यांवर ते ओल्या घोंगडीसारखं पडून राहायचं. शेडमध्ये मात्र घाम. चाळीस लूम एकदम धडधडत होत्या आणि सात नंबरच्या लूमखाली रवींद्र उताणा पडून शटल फेकणाऱ्या दांड्याचा कातडी पट्टा बदलत होता. पट्टा नवा, ताठर. भोकात जाता जाईना. त्यानं तो दातात धरून वाकवला, चार शिव्या हासडल्या आणि बसवलाच.

रवींद्र जॉबर. बिघडलेली लूम चालू करून देणं हे त्याचं काम, चौतीस वर्षं एकाच शेडमध्ये. या चौतीस वर्षांनी त्याचा डावा कान पुरता नेला आणि उजवा निम्मा ठेवला. शेडमध्ये त्यानं काही अडत नव्हतं. तिथं तोंडानं बोलतो कोण? दोन बोटं जुळवून झटक्यात तोडली की धागा तुटला, तळहात खाली दाबला की लूम बंद कर, अंगठा ओठाला लावला की चहा आला. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी हातभर खुणा करून संसाराच्या गोष्टी बोलायचा. उरलेलं ओठांवर वाचायचं. रवींद्रला हिंदी ओठ कळत, भोजपुरी कळत, आणि तेलुगू कारागीर पाठमोरा व्हायच्या आधी शिवी पुटपुटला तर तीही कळे.

तो लूमखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा खाली पडला. सुताच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेन्सिलीनं अंडाकृती रेघा आणि बारीक चौकोन. समोरच्या लूमवरच्या, उत्तर प्रदेशातल्या मऊहून आलेल्या चाचानं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि ओठ हलवले, "क्या है? खजाने का नक्शा?"

"स्टेडियम," रवींद्रनं ओठांनीच सांगितलं.

"खरीद रहे हो क्या?"

रवींद्र हसला. चाचानं कपाळावर हात मारून घेतला आणि पुठ्ठा परत दिला. तो हिशेबाच्या कागदासारखा घडी न घालता, जपून खिशात गेला.

तीन आठवड्यांनी रविवारी नवी मुंबईच्या स्टेडियममध्ये मुंबईची टीम बंगालच्या टीमशी फुटबॉल खेळणार होती. पाच वाजता. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून रवींद्रनं शेठकडे रविवारची सुट्टी मागितली होती. शेठनं विचारलं, "कोण मेलं?" मयत आणि लग्न सोडून या माणसानं कधी सुट्टी मागितली नव्हती. "कोण न्हाय मेलं, मॅच बगायची हाय," असं रवींद्र म्हणाला तेव्हा शेठनं हसत सुट्टी लिहून घेतली.

त्याच संध्याकाळी, दिवे लागणीला, शेलारच्या बुद्धवाडीतल्या घरात मोबाईल मध्ये ठेवून बैठक बसली. पोरगी माधवी एका गोडाऊनच्या ऑफिसात होती, बुकिंग तिच्या हातात: एक तिकीट रवींद्रचं, एक त्याच्या लहानपणच्या दोस्ताचं, पंढरीनाथचं. बायको मंदा परातीत तांदूळ निवडत होती आणि मधून मधून टोमणा सोडत होती.

"पप्पा, ही बाजू घेऊ. पश्चिम. ऊन पाठीला राहील," माधवी म्हणाली.

"नको. पूर्वेला बग."

"पूर्वेला? पाच वाजता सूर्य सरळ डोळ्यांत येणार. सगळं जग ऊन पाठीला घेतं, तुम्ही तोंडावर घेणार?"

"माझ्या न्हाय, त्याच्या तोंडावर पायजे." रवींद्रनं पुठ्ठा पुढे सरकवला. "पंढऱ्या बोलंल तवा त्याचं तोंड उजेडात नको? काळोखात त्याचे ओठ मला दिसायचे कसे? तितं कलकलाट असनार. कान काय कामाचे न्हाईत."

मंदा म्हणाली, "नवरी बगायला चाललेत जनू. तोंडावर उजेड पायजे."

"आनि तो माझ्या उजव्या हाताला पायजे. डावीकडं बसला तर त्याच्यापेक्षा खांबाशी बोललेलं बरं."

"अहो पप्पा, दोन्ही सीट आपल्याच. कुणी कुठंही बसा."

"तसं नसतं. नंबर म्हंजे नंबर. त्याला पंदरा, मला चौदा." त्यानं बोटानं मोजलं. लूम नेहमी समोर उभं राहून बघायची, डावं उजवं तिथूनच ठरवायचं, ही जॉबरची सवय. मैदानाकडे तोंड करून बसलेल्या माणसाचं डावं उजवं उलटं होतं, हे त्याच्या ध्यानीमनी आलं नाही. "एफ. सहावी रांग. लई खाली न्हाय, लई वर न्हाय. गोलपोस्ट तिरकी दिसंल. गोलीचे पाय दिसले पायजेत."

गोलीचे पाय. तो स्वतः गोली, म्हणजे गोलकीपर होता. शेलारच्या टीमचा. अकलोलीच्या स्पर्धेत त्यानं शेवटची पेनल्टी अडवली होती आणि पंढरीनाथनं त्याला खांद्यावर घेऊन गरम पाण्याच्या कुंडापर्यंत नाचवत नेलं होतं, कपड्यांसकट आत टाकलं होतं. ही गोष्ट मंदानं लग्नानंतर शंभर वेळा ऐकली होती. पण त्याच्या आधीची गोष्ट तो क्वचित सांगायचा.

नव्वद सालचा वर्ल्ड कप. गावात टीव्ही पंढरीनाथच्या बापाकडे. गावातली पोरं आत, सतरंजीवर. बुद्धवाडीची पोरं बाहेर, खिडकीच्या गजाला धरून. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, सांगावं लागतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंढरीनाथ मधेच आतून उठला, बाहेर आला आणि रवींद्रच्या शेजारचा गज धरून उभा राहिला. आतून बाप ओरडला, "आरं, मधी बस की!" पंढरीनाथ म्हणाला, "हितनं बरं दिसतं." साफ खोटं. खिडकीतून निम्मा पडदा दिसायचा. पुढच्या सगळ्या मॅच त्यानं उभ्यानं बघितल्या. फायनलच्या दिवशी रवींद्रच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला होता, "एक दिस खऱ्या स्टेडियमात बसू रं. शेजारी शेजारी. मेल्या, खुर्चीवर!"

त्या एका वाक्यावर रवींद्रनं पंढरीनाथचं पुढचं पुष्कळ काही पोटात घातलं होतं.

पुढचं म्हणजे असं की बारावीला दोनदा आपटल्यावर बापानं पंढरीनाथला घराबाहेर काढलं, आणि तो दीड वर्ष शेडमध्ये रवींद्रच्या हाताखाली राहिला. गाठ मारायला रवींद्रनं शिकवलं. खुणा शिकवल्या. एकदा शटल उडून डोळ्यावर येत होतं तेव्हा मान धरून खाली दाबलं ते रवींद्रनंच. मग बाप वारला, जमीन हातात आली, गोडाऊनवाले आले. ज्या खळ्यावर टीम खेळायची तिथं आता निळ्या पत्र्याचं एवढं मोठं गोडाऊन उभं होतं की शेलारला सूर्य अर्धा तास उशिरा दिसायचा. पंढरीनाथचा बंगला समोरच. लोक पंढरीशेठ म्हणायचे, आणि शेडमधलं ते दीड वर्ष तो कधी तोंडातून काढत नसे. पंढऱ्या म्हणणारा गावात एकच उरला होता.

तिकिटं निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रवींद्र बंगल्यावर गेला. पंढरीनाथ झोपाळ्यावर बसून मोबाईल बघत होता.

"पंढऱ्या, चौदा आनि पंदरा."

"काय चौदा पंदरा? मटका लावलास का?"

"स्टेडियम. खुर्च्या. तुझी पंदरा."

पंढरीनाथनं मोबाईल बाजूला ठेवला. क्षणभर त्याचा चेहरा तसाच झाला, खिडकीच्या गजामागचा. "आयला, रव्या," तो म्हणाला, "तुला ध्यानात हाय ते?"

"मग? मी काय बहिरा हाय?"

दोघं हसले. झोपाळा कुरकुरला. पंढरीनाथ म्हणाला, "गाडी माझी. दोन वाजता नाक्यावर उभा राहा. बसबिस काय न्हाय." रवींद्रला बसनं जायचं होतं, सगळं त्याचं स्वतःचं असावं अशी त्याची इच्छा होती. पण म्हटलं, जाऊ दे, गाडी तर गाडी. खुर्च्या तर आपल्या आहेत.

तीन आठवडे तो पुठ्ठा खिशात होता. तेलाचे डाग पडून स्टेडियमचा उत्तरेकडचा भाग काळा झाला. चाचा रोज खुणेनं विचारायचा, अजून गेला नाहीस? रवींद्र बोटं दाखवायचा, बारा दिवस, आठ दिवस, दोन.

रविवारी मंदानं पांढरा शर्ट इस्त्री करून दिला आणि भाकरीसोबत सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. माधवी ओरडली, "आई, आत खाणं नेऊ देत नाहीत. बोंबील तर नाहीच नाही!" मंदा म्हणाली, "मग काय उपाशी बगायची मॅच? असलं कसलं मैदान?" शेवटी डबा घरीच राहिला. रवींद्रनं फक्त चाचाचा लाल गमछा घेतला. "गोल झाला की फिरवायचा," असं चाचानं बजावून दिला होता.

दोनची गाडी पावणेतीनला आली. पंढरीनाथचा पोरगा विशाल चालवत होता. त्याच्या शेजारी गोडाऊन भाड्यानं घेतलेल्या कंपनीचे साहेब, गॉगल लावलेले. मधल्या सीटवर पंढरीनाथ, पिवळाधमक शर्ट, शेजारी साहेबांचा मेहुणा.

"रव्या, मागं बस रं. साहेब अचानक बोलले येतो म्हणून."

मागची सीट म्हणजे सामानाच्या जागेतली. गुडघे छातीला लागत होते. विशाल मान वळवून म्हणाला, "रवीकाका, नीट बसलात ना?" रवींद्र म्हणाला, "बसलो बाबा." पुढं साहेब काय बोलत होते ते त्याला दिसत नव्हतं, पाठमोरी डोकी वाचता येत नाहीत. ठाण्याची खाडी गेली, ऐरोली गेली. तो खिशातला पुठ्ठा चाचपत राहिला.

गेटवर उतरल्यावर कळलं. साहेबांच्या कंपनीनं वरची काचेची खोली घेतलेली होती, खाणंपिणं आतच, आणि पास चारच. गळ्यात अडकवायचे. पंढरीनाथनं पास गळ्यात घालून घेतला होता, आणि शर्टाच्या आत लपवायचा प्रयत्न करत होता.

"आरं, साहेब सोडत न्हाईत. वर नुसतं तोंड दाखवतो. पाच मिंट. लगेच खाली येतो तुझ्याकडं. काय नंबर म्हणालास?"

"एफ. पंदरा."

"हा, पंदरा. धरून ठेव."

"ती काय धरायची? तिकीट हाय तुझं." रवींद्रनं मोबाईलमधलं तिकीट त्याच्यापुढं धरलं. पंढरीनाथनं बघितल्यासारखं केलं. मागून साहेबांनी "शेठ, चलो" म्हटलं, आणि पिवळा शर्ट काचेच्या दारातून आत गेला.

रवींद्र आपल्या बाजूनं आत गेला. जिना चढून वर आला आणि थबकलाच. एवढं हिरवं त्यानं कधी बघितलं नव्हतं. बीमवर नवा ताणा चढवल्यावर जसा एकसारखा, एकही धागा न चुकलेला दिसतो, तसं ते गवत. वाटलं, पंढऱ्यानं हे आत्ता बघायला पायजे होतं, माझ्या बरोबर, ह्या पायरीवर.

खुर्च्या सापडल्या. आणि पंधरा नंबर चौदाच्या डावीकडे निघाली. डावीकडे! तो उभ्या उभ्या हसला, कपाळाला हात लावला आणि मग स्वतः पंधरावर सरकला. चौदा उजवीकडे, रिकामी. तिच्यावर गमछा टाकला. मागच्या रांगेतल्या पोरीनं विचारलं, "अंकल, कोणी आहे का इथे?" तो म्हणाला, "येतोय. पाच मिंटात."

शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला. ऊन तोंडावर आलं, त्यानं ठरवलं होतं तसं. बंगालचा गोली उंच होता, पण पुढं यायला घाबरत होता. पेनल्टीला हा डावीकडंच पडणार, हे रवींद्रला दहाव्या मिनिटाला कळलं. सांगायचं कुणाला? वीस मिनिटं झाली. मुंबईनं गोल केला आणि सगळे उठले. तो उठला, गमछा उचलला, फिरवला नाही. परत चौदावर टाकला.

मध्यंतराला पाच मिनिटं असताना त्याला समोर, मैदानापलीकडे, वरच्या काचेपुढच्या कठड्याशी पिवळा शर्ट दिसला. अंतर पुष्कळ. तोंड दिसत नव्हतं, पण उभं राहायची ढब तीच, एक पाय पुढे. रवींद्र ताडकन उभा राहिला. गमछा वर धरून त्यानं हातभर मोठ्या खुणा केल्या, शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला करतात तशा. इकडे ये. जागा रिकामी आहे. रिकाम्या खुर्चीवर थाप मारली, आणि अंगठा ओठाला लावला: चहा पिऊ.

पलीकडे पिवळा हात वर आला. ओळखलं! साऱ्या स्टेडियममध्ये अशा खुणा करणारा एकच, आणि त्या वाचणारा एकच. पंढरीनाथनं शेजारच्या साहेबांच्या दंडाला धरलं आणि बोट करून रवींद्रला दाखवलं. रवींद्रनं हात जास्तच हलवला. त्याला बरं वाटलं. म्हटलं, सांगत असंल, तो बगा माजा गोली.

तेवढ्यात मैदानावर कुणाला तरी लागलं, खेळ थांबला, आणि मोठ्या पडद्यावर प्रेक्षक दाखवायला लागले. एक तोंड रंगवलेलं पोरगं. एक म्हातारी झेंडा घेऊन. मग काचेपुढचा कठडा. मधोमध पंढरीनाथ, खोलीएवढा मोठा, हातात काचेचा ग्लास, अजून बोट रवींद्रच्याच दिशेला. आपण पडद्यावर आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. साहेबांनी काहीतरी विचारलं. पंढरीनाथचे ओठ हलले.

पन्नास हजार माणसांना त्यात एक हसणारा जाडा माणूस दिसला असेल. रवींद्रनं वाचलं.

"अपना आदमी है. बाप के टाइमसे. अपने यहाँ कामपे."

एकेक अक्षर. साहेबांनी मान डोलावली, "अच्छा." मग विशालनं बापाला ढोसलं, पडद्याकडे दाखवलं, आणि पंढरीनाथनं तिथून दोन्ही हात उंचावून साऱ्या स्टेडियमला नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रवींद्र खाली बसला. बापाच्या काळापासून ते खरं होतं. त्याचा बाप यांच्या शेतावर राबला होता, अंगणाच्या कडेला बसून भाकरी खाल्ली होती. पण रवींद्र? रवींद्र एक दिवस गेला नव्हता. तिथं राबावं लागू नये म्हणूनच तो सोळाव्या वर्षी लूमवर आला होता, त्यासाठी दीड कान दिला होता. आणि कामाला राहिला होता तो कोण, कुणाच्या हाताखाली, हे त्या वर उभ्या असलेल्या माणसाइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

ओठ चुकले असतील, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. पण ओठ वाचण्यात तो कधीच चुकला नव्हता. त्यातून पडद्यावर उजेड तर असा होता की ग्लासातला बर्फसुद्धा दिसत होता.

तो पुन्हा उभा राहिला. पिवळा शर्ट अजून कठड्याशी होता. रवींद्रनं उजवा हात सरळ पुढं केला, तळहात खाली, आणि सावकाश दाबला. लूम बंद कर. दीड वर्षात पंढरीनाथला सगळ्यात आधी शिकवलेली खूण ती. त्यावाचून माणसाची बोटं जातात.

पलीकडून पंढरीनाथनं अंगठा वर केला, हसत असावा, आणि आत गेला.

दुसऱ्या अर्ध्यात बंगालनं दोन गोल केले. पेनल्टी मिळाली नाही, त्यामुळे गोली डावीकडं पडतो की नाही ते कळलंच नाही. मागच्या पोरीनं शेवटी विचारलं, "अंकल, नाही आले का?" रवींद्रनं गमछा उचलला आणि म्हणाला, "बस तू." ती उडी मारून पुढं आली, त्याच्या उजव्या हाताला बसली आणि शेवटपर्यंत मोबाईलवर बोलत राहिली.

परतीला दुसरी सोय नव्हती. तो पुन्हा मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसला. पंढरीनाथ पुढून वळला, तोंडाला खाण्यापिण्याचा वास. "रव्या, आरं येताच आलं न्हाय बग. साहेब सोडीनात. कशी वाटली मॅच?"

रवींद्र खिडकीबाहेर बघत राहिला.

"रव्या! ए रव्या!"

"बाबा, त्यांना त्या बाजूनं ऐकू नाही येत," विशाल म्हणाला.

"हा, बहिरा झालाय पार," पंढरीनाथ साहेबांना म्हणाला, "मशीन पे काम करके." आणि मागे एक पिशवी टाकली. "घे, वरती वाटत होते. तुझ्यासाठी मुद्दाम मागून घेतला." आत कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट होता.

पिशवी त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला पडली. पंढरीनाथ बोलला ते सगळं त्याला त्या कानानं नीट ऐकू आलं होतं.

घरी मंदानं विचारलं, "झालं का शेजारी बसून? फिटली हौस?" तो म्हणाला, "झालं." तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि भाकरी आणि बोंबलाची चटणी पुढं ठेवली. माधवीनं फोटो मागितले. एकच होता, हिरव्या गवताचा, त्याच्याच बोटाची सावली आलेला.

सोमवारी धुकं होतंच. सात नंबरच्या लूमचा नवा पट्टा तीन आठवड्यांतच ताणून सैल झाला होता, शटल अर्ध्यात अडकत होतं. तेलानं सगळं चिकट. शेडमध्ये पुसायला चिंध्या कधीच पुरत नाहीत. रवींद्रनं पिशवीतून टी-शर्ट काढला, शिवणीवर दात लावला आणि उभा फाडला. एक तुकडा स्वतःकडे, एक चाचाकडे फेकला.

चाचानं गमछा गळ्यात परत घालत समोरून खूण केली, कसं झालं? मग दोन बोटं जुळवून दाखवली: दोस्त? शेजारी?

रवींद्रनं हात वर केला. दोन बोटं जुळवली, तोडायचा झटका दिला नाही, तशीच धरली.

चाचा हसला आणि लूमकडे वळला. रवींद्र लूमखाली उताणा सरकला, चिंधीनं दांडा पुसला, पट्टा दातात धरून वाकवला. भोक एक पुढं घ्यायला हवं होतं.